ठासणीची बंदूक व शेजाऱ्याचा जीव

आपल्या पिकाच्या रक्षणासाठीं मनुष्यानें गुप्तपणें बंदूक घडवावी काय? हा प्रश्न ज्यांस पोकळ वाटत असेल त्यांनीं मक्याचीं कणसें दुधांत आलीं असतां देऊळघाटाकडील एखाद्या शेतांत एक रात्र जागून पाहावी. हा मुलूख अजिंठ्याच्या डोंगराचा. पैनगंगेचा उगमही याच डोंगरांत आहे. शेतें टेकड्यांना व झुडपांना लागून आहेत. रानडुकरांचा कळप एकदां आंत शिरला म्हणजे खातो थोडें व तुडवितो फार. सकाळीं धनी बांधावर येतो तेव्हां पीक आडवें पडलेलें असतें, आणि बियाण्याचें व खताचें देणें मात्र उभें असतें. अशा मनुष्यास नीतीचे दोन शब्द सांगणाऱ्यानें प्रथम त्याचें दुःख खरें मानिलें पाहिजे.

असा मनुष्य कधीं कधीं एखाद्या हुशार कारागिराकडे जातो. लोखंडी नळी, तिला मागें बूच, लांकडाचा दस्ता व एक घोडा, इतक्यांत ठासणीची बंदूक उभी राहते. तोंडाकडून दारू ओतावयाची, वर चिंधी व छर्रे गजानें ठासावयाचे, कानावर टोपी बसवून घोडा पाडावयाचा. मग परीक्षा. बंदूक झाडाच्या बुंध्यास बांधतात, घोड्याच्या चापास लांब दोरी लावितात व धोंड्याआड बसून ती ओढतात. नळी फुटली नाहीं म्हणजे बंदूक उतरली असें समजतात.

प्रिय वाचकहो, त्या दोरीचा थोडा विचार करूं या. घडविणारा लांब कां बसतो? नळी फुटेल अशी भीति त्याच्या मनांत आहे म्हणून. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु उद्यां जो सालदार किंवा जो मुलगा ती बंदूक गालाशीं धरून माळ्यावर बसेल, त्याला कोणती दोरी आहे? एक बार झेपला यावरून दहावा झेपेल असें ठरत नाहीं. पहिल्याच बारानें जोडाला न दिसणारी चीर गेलेली असूं शकते. जळलेल्या दारूचा मळ ओलावा धरून नळीस आंतून गंज चढवितो. अंधारांत झोपेच्या गुंगींत दारू दुबार भरली जाते. किंवा गोळी दारूवर नीट न बसतां मध्यें पोकळी राहते व नळी तेथेंच फाटते. तेव्हां हाताचीं बोटें व डोळे जातात ते बहुधा घडविणाऱ्याचे नसतात.

कोणी म्हणेल, मोठ्या कारखान्यांतही नळीची परीक्षा दूर राहूनच करितात. हें खरें आहे. लंडनच्या बंदूक घडविणाऱ्यांच्या संघास १६३७ सालीं सनद मिळाली व नळ्यांची परीक्षा त्याच्याकडे आली; बर्मिंगहॅम येथें कायद्यानें १८१३ सालीं स्वतंत्र परीक्षागृह स्थापिलें. तेथें नेहमींपेक्षां जास्त दारू भरून बार काढीत, नळी तपासीत, आणि ती टिकली तर तिजवर छाप मारीत. सर्व भेद या छापेंत आहे. छाप म्हणजे जबाबदारी घेणाऱ्याचें नांव. गुप्त बंदूक घडविणाऱ्यास आपलें नांव तिजवर घालतां येत नाहीं. नांगराचा फाळ किंवा विळा करणारा लोहार, हा माझ्या हातचा, असें अभिमानानें सांगतो. त्याच हाताच्या ज्या कामाविषयीं त्याला मौन धरावें लागतें, त्या कामाचें उत्तर तो कोणास देणार?

आणि हें झालें बंदुकीच्या मागें उभा असलेल्याविषयीं. पुढें कोण आहे? छर्रे बांध ओळखीत नाहींत. झुडपांत हाललें तें डुकरूं असेल, सुटलेलें वासरूं असेल, किंवा पहांटे शौचास निघालेला शेजारी असेल. बुलढाणा व खामगांव यांमधील ज्ञानगंगा अभयारण्यांत अस्वलें आहेत. यवतमाळकडील टिपेश्वरच्या रानांतून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून २०१९ सालच्या अखेरीस तेथें येऊन पोंचला. काळोखांत बार काढणारा कोणाचा प्राण घेत आहे हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें.

“गरज असली म्हणजे कायदा कसला?” असें पुष्कळ लोक विचारतात. परंतु कायद्यानें गरज अगदींच ओळखिली नाहीं असें नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पिकाच्या खऱ्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय नांव घेऊन केलेली आहे. मात्र परवान्यावांचून ती घडविणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर निदान सात वर्षांची कैद आहे, व ती जन्मठेपेपर्यंत जाऊं शकते. शिवाय बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराविषयींही वेगळी लेखी परवानगी लागते. हे फेरे गरिबास जड जातात, भरपाई हातीं पडेपर्यंत दुसरा हंगाम येतो, हें कबूल केलें पाहिजे. तरी गरज आपणांस मागण्याचा हक्क देते, भांडण्याचाही देते. शेजाऱ्यास न विचारतां त्याचा जीव पणास लावण्याचा हक्क ती देत नाहीं.

मोशेच्या नियमशास्त्रांत उघड्या खड्ड्याविषयीं नियम आहे. खड्डा खणून तो न झांकणाऱ्यानें त्यांत पडलेल्या बैलाची किंमत भरावयाची. खड्डा कां खणला, हें तेथें विचारलेलें नाहीं. कदाचित् पाण्यासाठींच खणला असेल. हेतु चांगला असला तरी दुसऱ्यावर येणाऱ्या संकटाचा जाब द्यावाच लागतो. छपरांत खोंवून ठेविलेली भरलेली बंदूक हा असाच उघडा खड्डा आहे, आणि त्याच्या कांठाशीं घरचींच मुलें खेळतात.

मग शेतकऱ्यानें हात जोडून बसावें काय? मुळींच नाहीं. चार शेतांनीं मिळून पाळी बांधावी. एकटा जागणारा घाबरतो व घाबरलेला मनुष्य अंधारांत बार काढतो. कुंपणांत विजेची तार सोडणें हा उपाय नव्हे. तीही माणूस ओळखीत नाहीं. आणि गांवांत ज्याला लिहितां येतें, मग तो उपदेशक असो कीं शाळामास्तर, त्यानें नासाडी झाल्याच दिवशीं शेतकऱ्याबरोबर बांधावर जावें, वनखात्याकडे अर्ज लिहून द्यावा, पंचनामा होईपर्यंत पाठ सोडूं नये, व ज्याला परवाना हवा त्याला तोही अर्ज लिहून द्यावा. जो हें करीत नाहीं, त्यानें गुप्त बंदुकीविरुद्ध कितीही बोध केला तरी तो कोण ऐकेल? उपाशी शेजाऱ्यास, बंदूक खालीं ठेव, असें सांगण्याचा अधिकार त्याच्या शेतांत एक रात्र जागलेल्यालाच येतो.