कठडा कोणासाठी?

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या सुमारे ३३२ एकर जमिनीवर १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीची पायाभरणी झाली. कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. पुढे तेथे काचेच्या भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या, २०१० मध्ये उन्नत रस्ता खुला झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो पोहोचली. या नगरीचे वर्णन बहुधा बुद्धीने वसविलेली नगरी असे केले जाते. परंतु संगणकापुढे बसणारा माणूस येण्यापूर्वी परांचीवर उभा राहणारा माणूस तेथे येऊन गेलेला असतो. रायचूर, यादगीर, कलबुर्गी, बिहार, झारखंड, ओडिशा अशा ठिकाणांहून तो येतो, आणि इमारत पुरी होताच दुसऱ्या बांधकामाकडे निघून जातो.

अशा एखाद्या इमारतीचा दहावा मजला विचारात घ्यावा. जमिनीपासून त्याची उंची सुमारे तीस मीटर. तेथून खाली येणारी वस्तू अडीच सेकंदांत, ताशी ऐंशी किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर आदळते. इमारत वापरात आल्यानंतर या मजल्याची एक बाजू उघडी राहिली, तर कोणीही एक दिवस तेथे बसावयास तयार होणार नाही. परवानगी देणारा अधिकारी, विमा उतरविणारी संस्था आणि खुद्द कर्मचारी, सर्वच हरकत घेतील. परंतु काच बसण्यापूर्वी तीच कड कित्येक महिने उघडी असते, आणि तिच्यावर माणसांचा वावर असतो. त्या वेळी तिला धोका न म्हणता कामाचे स्वरूप म्हटले जाते. गुरुत्वाकर्षण दोन्ही वेळी सारखेच असते. मग बदलते ते काय?

पहिले उत्तर असे दिले जाते की, जोखीम ही बांधकामाच्या स्वभावातच आहे. यात अर्धे सत्य आहे. जड तुळई उंचावर चढविण्यात काही जोखीम अटळ असते. उघडी कड मात्र तशी अटळ नसते. कठडा, जाळी, झाकलेला खड्डा ही साधने जगाला कधीची ठाऊक आहेत. जे करता येण्याजोगे असून केले गेले नाही, त्याच्या परिणामास दैव म्हणणे म्हणजे भाषेच्या आडोशाने जबाबदारी टाळणे होय. ‘अपघात’ हा शब्द अशा वेळी फार सोयीचा ठरतो. त्यात कर्ता नसतो.

दुसरे उत्तर संमतीचे आहे: मजूर सज्ञान आहे, जोखीम जाणून त्याने मजुरी स्वीकारली आहे. संमतीला नैतिक वजन येते ते नकार शक्य असतो म्हणून. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ज्याचे बिऱ्हाड बांधकामाच्याच आवारात पत्र्याच्या खोलीत आहे, त्याच्या नकाराची किंमत एका दिवसाची मजुरी नसून संपूर्ण आसरा असते. अशा होकाराला स्वेच्छा म्हणता येत नाही.

तिसरे उत्तर निष्काळजीपणाचे. पट्टा दिला होता, त्याने बांधला नाही. पट्टा अडकविण्यासाठी वर भक्कम दोर बांधलेला नसेल, तर तो कमरेचा अलंकार ठरतो. आणि ज्याचा मोबदला केलेल्या कामाच्या मापावर ठरतो, त्याला पट्टा सोडण्या-अडकविण्यात गेलेला प्रत्येक क्षण स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. व्यवस्थेने सावधपणा महाग केला आणि मग सावध नसल्याचा दोष मजुराला दिला, असाच याचा अर्थ होतो. पुण्यातील कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. त्यांत मुलेही होती. झोपलेल्या मुलाच्या निष्काळजीपणाविषयी कोणता युक्तिवाद करणार? जिथे कामाची जागा आणि घर एकच असते, तिथे सुरक्षेचा प्रश्न शिरस्त्राणापाशी संपत नाही.

कायद्याने या उत्तरांना वेळोवेळी छेद दिला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाईचा हक्क दिला. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. गंभीर इजा वा मृत्यू ओढवण्याची रास्त भीती वाटल्यास कामगार ती मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणू शकतो, अशी तरतूद तीत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बांधकामाविषयीचा १९८८ चा करार एक पाऊल पुढे जातो: धोका समोर दिसत असेल तर तेथून दूर होण्याचा हक्क तो कामगाराला देतो. सांगणे आणि बाजूला होणे यांत मोठे अंतर आहे. सांगणाऱ्याला उत्तराची वाट पाहत कडेवरच उभे राहावे लागते.

अशा हक्काचा गैरवापर होईल, कामे रखडतील, ही शंका अगदीच निराधार नाही. एखादे वेळी भीती अनाठायीही ठरेल. परंतु दोन चुकांची तुलना केली पाहिजे. विनाकारण थांबलेले काम दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. विनाकारण न थांबलेल्या कामाची चूक दुरुस्त करावयास कोणाला दुसरा दिवस मिळतोच असे नाही. ज्या चुकीतून परतता येते तिचा भार इमारतीच्या हिशेबाने सोसावा, कारण दुसऱ्या चुकीचा भार एका देहाला सोसावा लागतो.

म्हणून बांधकामावरील सुरक्षेची खरी कसोटी प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर किंवा वाटलेल्या शिरस्त्राणांच्या संख्येवर लागत नाही. दहाव्या मजल्यावरचा एखादा बिगारी ‘येथे कठडा नाही, मी पुढे जाणार नाही’ असे म्हणून खाली उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपटावर त्याचे नाव तसेच असते की नाही, येथे ती लागते.