अरण्याच्या वाट्याचं गोडं पाणी

वादळ येऊन गेलं की सुंदरबनात रोपं लावायच्या घोषणा होतात. २००९ मध्ये आयला आलं, २०२० मध्ये अम्फान. लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि गुडघाभर चिखलात उभं राहून गावातल्या बायका हे काम करतात, त्याचं मोल मोठंच आहे. पण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरवर पसरलेलं हे कांदळवन रोपांच्या तुटवड्याने खंगलेलं नाही. त्याला गोडं पाणी आणि गाळ कमी पडतो आहे.

सुंदरीचं झाड पाहावं. ओहोटीला त्याच्याभोवतीच्या चिखलातून श्वासमुळं खुंट्यांसारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड असा श्वास घेतं. भरतीचं खारं पाणी त्याला चालतं, पण त्यात नदीचं गोडं पाणी मिसळलेलं लागतं. ते आटलं की सुंदरी शेंड्याकडून वाळत येते. बांगलादेशच्या बाजूला ही मर कित्येक दशकं चालू आहे. सुंदरी मागे हटते तिथे गेवा, गोरान ही जास्त खार सोसणारी झाडं पसरतात. उपग्रहाच्या छायाचित्रात सगळं हिरवंच दिसतं. म्हणूनच वनक्षेत्राच्या आकड्यावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

गंगेचा मुख्य प्रवाह काही शतकांपूर्वीच पूर्वेला सरकला. भारताच्या बाजूच्या मातला, विद्याधरी या नद्यांचा वरच्या पाण्याशी संबंध तुटला आणि त्या जवळजवळ खाड्याच झाल्या. ही निसर्गाची करणी. १९७५ मध्ये सुरू झालेला फराक्क्याचा बंधारा मात्र माणसाचा. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून ४० हजार क्युसेक पाणी हुगळीकडे वळवायची सोय झाली. पलीकडच्या सुंदरबनाला गोडं पाणी पोचवणारी गोराई नदी उन्हाळ्यात आटू लागली.

गाळाचं दुखणं फराक्क्याहून जुनं आहे. भारतीय सुंदरबनातल्या १०२ बेटांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे. इंग्रजी अमदानीत सारा वाढावा म्हणून तिथलं जंगल तोडलं आणि भोवती मातीचे बांध घातले. भरतीबरोबर येणारा गाळ शेतात पसरायचा थांबला, नदीच्या पात्रात बसू लागला. पात्र वर आलं, शेत खालीच राहिलं. कोकणातल्या खारजमिनीवर भात लावणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. आयलात असेच बांध फुटले आणि शेतं खारी झाली.

वादळांचा धोका कुणी सांगितला नव्हता असंही नाही. ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला पत्र लिहून मातलाकाठी बंदर बांधण्यातला धोका दाखवून दिला होता. तरी तिथे कॅनिंग बंदर उभं राहिलं, आणि १८६७ च्या वादळात त्याची वाताहत झाली.

खाऱ्या पाण्याने शेत गेलं की बाई जाळं घेऊन नदीत उतरते. छातीभर पाण्यात काठाकाठाने जाळं ओढत बागदा कोळंबीची पिल्लं धरते. ती नखाएवढीही नसतात. काठावर बसून बाई ती एकेक वेचते; जाळ्यात आलेली बाकी माशांची पिल्लं तिथेच मरतात. यात नदीचं नुकसान आहेच. पण मगरीच्या पाण्यात उतरणाऱ्या या बाईला जंगलाची वैरीण ठरवून संवर्धन होणार नाही. तिच्या शेतात भात पिकला, तरच ती काठावर राहील.

भारत आणि बांगलादेश यांच्यातला गंगा जलवाटप करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला. त्याची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत. जानेवारी ते मे या टंचाईच्या महिन्यांत फराक्क्याला येणारं पाणी कसं वाटायचं, हे त्यात दर दहा दिवसांच्या हिशेबाने ठरलं आहे. या सूत्रात हिस्से दोन देशांचे आहेत, जंगलाचा नाही. नव्या करारात तो आकड्यासह लिहिला गेला पाहिजे, आणि ही मागणी फक्त बंगालवर सोडू नये.