नाव आणि निकाल

उन्हाळा हा आपल्याकडे अंगणाचा ऋतू. शाळांना सुट्टी लागते, दुपारी ओटीवर मंडळी विसावतात, संध्याकाळी झाडांना पाणी घातले जाते आणि वर्षभर ज्यांच्याकडे पाहण्यास सवड नसते असे कितीतरी शेजारी दृष्टीस पडतात. लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी, खिडकीच्या चौकटीत चिखलाचे इवलेसे मडके घडवणारी कुंभारीण माशी, जास्वंदीच्या शेंड्यावर पसरलेला पांढरा पिठ्या ढेकूण, आणि कोणी कधी आणून लावले हे घरात कोणालाच न आठवणारे कुंडीतील एखादे अनोळखी रोप. या भेटी क्षुल्लक खऱ्या. परंतु अशा भेटींतच माणसाच्या मनाची ठेवण उघडी पडते.

अनोळखी जीव दिसताच ‘हे काय आहे?’ असे आपण क्वचितच विचारतो. ‘हे चावते का? याचा उपयोग काय? यावर औषध कोणते?’ हे प्रश्न आधी येतात. उत्तर मनासारखे नसेल तर जीवाला ‘कीड’ म्हणतो, रोपाला ‘तण’ म्हणतो आणि विषय संपवतो. वस्तुतः ‘कीड’ हे कोणत्याही जीवाचे नाव नव्हे. तो आपण दिलेला निकाल आहे. निकालालाच नाव समजले की चौकशीची गरज उरत नाही.

पवित्र शास्त्रातील क्रम याच्या उलट आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात भूमीवर रांगणारे जीव मानवाच्या आधी निर्माण होतात आणि ते चांगले आहेत असे परमेश्वराला दिसते. माणूस अजून जन्मास यावयाचा आहे; त्याच्या फायद्या-तोट्याचा प्रश्नच उद्भवलेला नाही. म्हणजेच त्या जीवांचे चांगुलपण आपल्या सोयीवर अवलंबून नाही. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर प्राण्यांना व पक्ष्यांना आदामापुढे आणतो, ते तो त्यांना कोणती नावे देतो हे पाहण्यासाठी. कोणाला ठेवावे व कोणाला काढावे, असे तो विचारीत नाही. नाव देण्यासाठी थांबावे लागते, निरखावे लागते, एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखावे लागते. मानवाने आपला अधिकार प्रथम वापरला तो असा, लक्ष देण्यासाठी.

संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात हाच भेद स्पष्ट केला आहे. सृष्टीतील श्रेणी एक आणि आपल्या उपयोगाची श्रेणी दुसरी. घरात उंदीर असण्यापेक्षा भाकरी असावी असेच कोणालाही वाटेल. परंतु त्यामुळे जिवंत उंदीर निर्जीव भाकरीहून सृष्टिक्रमात खालचा ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस तर प्रेषितांच्या विश्वासांगीकारावर बोलताना मानवी बुद्धीची मर्यादा सांगण्यासाठी माशीचेच उदाहरण घेतात. एका माशीचे स्वरूपही कोणा तत्त्वज्ञाला पूर्णपणे उकलता आलेले नाही, असे ते नम्रपणे नमूद करतात.

ही नम्रता आपल्या मातीतही रुजलेली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यानंतर फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव या येशूसंघीय धर्मगुरूंनी वनस्पती ओळखण्यात हयात वेचली. सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुखपद भूषविले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घाटातील एखाद्या साध्या गवताला त्याच्या नेमक्या नावाने ओळखणे हीदेखील निर्मात्याची सेवा आहे, हेच त्यांच्या जीवनातून दिसते.

ओळख नसली की काय घडते, हे लिंबाच्या झाडावर दिसते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ‘ब्ल्यू मॉर्मन’ या काळ्या-निळ्या देखण्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळी लिंबूवर्गीय झाडांचीच पाने खाऊन वाढते. पंखांचे कौतुक करणारा हात पानावरील अळी चिरडतो, आणि दोन्ही एकच आहेत हे त्या हाताला ठाऊक नसते.

कुंडीचेही तसेच. ज्याला आपण ‘मे फ्लॉवर’ म्हणतो त्याची पाने हिवाळ्यात सुकून जातात. महिनोन् महिने कुंडीत नुसती माती दिसते आणि साफसफाईत ती उपडी केली जाते. ज्या घरी ती राहते, तेथे मारियामातेच्या महिन्यात मातीतून देठ वर येऊन तांबड्या फुलांचा गोल चेंडू उमलतो. लूकच्या शुभवर्तमानातील माळी निष्फळ अंजिराच्या झाडासाठी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. झाड चांगले आहे असा दावा तो करीत नाही. केवळ वेळ मागतो, आणि त्या वेळात खणण्याचे व खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतो.

येथे कोणी म्हणेल, शेतकऱ्याने पीक अळ्यांच्या स्वाधीन करावे काय? मुळीच नाही. सृष्टी ही गोड बालकथा नव्हे. कुंभारीण माशीसुद्धा आपल्या मडक्यात अळ्या बधिर करून कोंडते. तिच्या पिल्लाचे ते अन्न. डेंगीच्या डासाचा नायनाट करणे हे तर शेजारधर्माचेच कर्तव्य. परंतु तेथेही ओळखच उपयोगी पडते. तो डास कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात वाढतो, हे ज्याला ठाऊक आहे तो पाणी ओतून टाकतो. ज्याला ठाऊक नाही तो साऱ्या बागेवर विष फवारतो आणि मधमाश्याही मारतो. प्रश्न मारावे की न मारावे एवढाच नाही. आधी ओळख आणि मग निर्णय, हा क्रम पाळला जातो का, हा खरा प्रश्न आहे.

कारण डोळ्यांना लागलेली सवय अंगणापुरती राहत नाही. आपल्या धर्मग्रामांभोवती नव्या इमारती उभ्या राहिल्या, दूरदूरची कुटुंबे तेथे राहावयास आली. त्यांची नावे विचारण्यापूर्वीच आपल्या बोलण्यात ‘ते लोक’, ‘बाहेरचे’ असे शब्द रूढ झाले. माणूस म्हणजे अळी नव्हे. परमेश्वराच्या प्रतिरूपात घडलेल्या जीवाशी असे वागणे म्हणूनच कितीतरी अधिक गंभीर आहे. हेही शब्द नावे नव्हेत, निकाल आहेत. गव्हातील निदण उपटण्यास उतावीळ झालेल्या चाकरांना दाखल्यातील धनी थांबवतो, कारण त्यांच्या हातून गहूही उपटला जाईल हे तो जाणतो. कापणीचा दिवस त्याने स्वतःच्या हाती ठेवला आहे. आपल्या हाती आहे ते शेजाऱ्याचे दार ठोठावून त्याचे नाव विचारणे.