दीर्घसूत्री आणि गोधडी

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी तामस कर्त्याला ‘दीर्घसूत्री’ म्हटले आहे. त्याचा रूढ अर्थ चेंगट. शब्दशः अर्थ मात्र लांब दोऱ्याचा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी गृहिणी हे मर्म तत्काळ जाणील. पुनःपुन्हा ओवण्याच्या आळसाने दोरा लांब घेतला, की तो गुंततो. थर आधी नीट टाचले नाहीत, तर कडेपासून आत येता येता चूण मध्यभागी साचते.

अशा वेळी गोधडी अर्धवट टाकणे हा तमोगुण; ठिगळाने चूण झाकून वाहवा इच्छिणे हा रजोगुण; चुकले तेवढेच टाके उसवून, तळहाताने कापड सारखे करून पुन्हा शिवणे, ही सात्त्विक धृती होय.

त्याच अध्यायात भगवान सांगतात की, अग्नी जसा धुराने, तशी सर्व कर्मे दोषाने वेढलेली असतात. म्हणून सहज कर्म टाकू नये. भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. धूर निघतो म्हणून तेथे भट्टी कोणी विझविली नाही. तद्वत्, वाचकहो, दोष उसवावा, कर्म सोडू नये. पुरी झालेली गोधडी लेकराला पांघरावी आणि कर्म कृष्णार्पण करावे.

हरिः ॐ तत्सत्।