अंगुलिमालावर दगड कोणी टाकले?



नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीतल्या १५-१६ वर्षांच्या पोराला रिक्षाची बॅटरी चोरताना पोलिसांनी धरले, की चाळीचा निकाल संध्याकाळपर्यंत लागतो. आपली मुले त्याच्याशी बोलायची नाहीत, त्याच्या आईला नळावर टोमणे. खटल्याची पहिली तारीखही अजून लागलेली नसते!

कायदा इतका उतावळा नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाचा विचार बाल न्याय मंडळ करते. त्यात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. दोष सिद्ध झाला तरी मंडळ मुलाला समज देऊन सोडू शकते, बागेची निगा किंवा वृद्धांची सेवा असे काम देऊ शकते, अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर जास्तीत जास्त ३ वर्षे पालकांच्या वा योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करून परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवू शकते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. (१६ वर्षांवरील मुलाच्या निर्घृण गुन्ह्याची गोष्ट वेगळी.)

पण अधिकारी काही चोवीस तास दाराशी बसणार नाही. उरलेला वेळ ते पोर तुमच्या-माझ्यातच राहणार. आणि इथेच आपली परीक्षा आहे.

अंगुलिमालाला पकडायला प्रसेनजित राजा घोडेस्वार घेऊन निघाला होता. भिक्षू झालेला अंगुलिमाल पाहून त्याने बेड्या घातल्या नाहीत, उलट चीवर देऊ केले. पण पुढे श्रावस्तीत भिक्षेला गेलेल्या त्याच भिक्षूवर ढेकळे व दगड पडले. फुटके पात्र घेऊन तो रक्तबंबाळ परतला. राजाने सोडले होते, नगराने सोडले नव्हते.

आपल्या सोपाऱ्यात १८८२ साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच अशोकाने पाचव्या लेखात बंदिवानांची काळजी व सुटका हे धम्ममहामात्रांचे काम ठरविले आहे, तेही सांगत जा.

तुम्ही विचाराल, ज्या रिक्षावाल्याची दिवसाची कमाई बुडाली त्याचे काय? त्याचा राग खोटा नाही. पोराने त्याच्यापुढे उभे राहून चूक कबूल करावी, असेच मी म्हणेन. परंतु ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जन्मावरून हलके ठरविले गेले, त्या आपण एका कृत्यावरून एका पोराला जन्माचे नाव चिकटवावे काय?

मंडळाला पाहायचे असते की, याच्या मागे घरी कोण आहे? आई धुणीभांडी करते; तारखेला गेली की त्या दिवसाचे पैसे कापले जातात. विहारातले कोणी तिच्यासोबत गेले, ‘याच्या शाळेचे आणि संध्याकाळच्या अभ्यासाचे मी बघतो’ असे म्हणाले, तर त्या खोलीत ती एकटी उभी राहणार नाही.