खोललेलं इंजिन

शुक्रवार कतारमध्ये सुट्टीचा आणि कोल्हापुरात कामाचा. त्यामुळे अल गराफातल्या घरी पहिला चहा होतो न होतो तोच शिवाजी उद्यमनगरातून मिस्त्रींचे फोटो यायला लागतात. आबांची जुनी बुलेट खोलली आहे. वर्तमानपत्रावर हेड, ब्लॉक, पिस्टन, कॅम, रॉकर, बेअरिंगं ओळीने मांडलेली, आणि खाली एकच प्रश्न: "काय काय बदलूया, दादा?"

आखातात राहणाऱ्या माणसाच्या तोंडी याचं उत्तर तयार असतं. सगळंच बदला! रियाल हाताशी असतात, रजा नसते, आणि जिथे स्वतः जाऊन उभं राहता येत नाही तिथे आपण पैसे पाठवून हजेरी लावतो. गावाकडची घरं आपण अशीच दुरुस्त करतो; धडधाकट सागवानी चौकट निघते आणि तिथे ॲल्युमिनियमची खिडकी बसते. मला हे उत्तर पटत नाही. मूळचा कॅम मापात असेल, त्याच्या नाकावर खड्डे पडले नसतील, तर तो फेकून बाजारातला नवा बसवण्यात इंजिनाचं काय भलं आहे? नवा भाग म्हणजे चांगला भाग, असं दर वेळी नसतं. दुसऱ्या टोकाला आबांचं उत्तर आहे: "चालतंय की, कशाला हात लावायचा." तेही घाईचंच. गाडी चालत होती हे खरं, पण ती निळा धूर सोडत चालत होती.

फोटोत काजळी दिसते, ओरखडे दिसतात. घासण दिसत नाही. ती मोजावी लागते, म्हणून मी मिस्त्रींकडे फोटो नकोत, मापं द्या म्हणून आग्रह धरला. बुलेटच्या ब्लॉकचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. हा ब्लॉक सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर जाऊन थबकतो आणि उलटा फिरतो तिथे तेलाचा पापुद्रा सर्वांत पातळ आणि जळत्या वायूचा दाब सर्वांत जास्त. म्हणून झीज तिथे, वरच्या अंगाला. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला एका बाजूला रेटतो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू लंबगोल होतो. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं अशी सहा मापं घेतली की ब्लॉकने इतकी वर्षं काय सोसलं ते कळतं.

बोअर गेज नसेल तरी एक जुनी युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते. रिंग पिस्टनवरून काढायची, नुसतीच ब्लॉकमध्ये सोडायची, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पट्टी घालायची. आधी तळाशी, जिथे रिंग कधी पोचतच नाही, आणि मग वर. ब्लॉकचा व्यास दशांश मिलिमीटरने वाढला तर ही फट तीन दशांशांहून थोडी जास्तच उघडते, कारण वाढतो तो परीघ. डोळ्याला न दिसणारी झीज पट्टीवर तिपटीने मोठी होऊन येते. आमच्या ब्लॉकमध्ये वरची आणि खालची फट यांत इतका फरक निघाला की पुढे वादच उरला नाही.

अशा वेळी "नुसत्या रिंगा टाका" हा सल्ला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट. झिजलेल्या ब्लॉकच्या माथ्याशी न झिजलेली एक कडा उरते. नव्या रिंगेची अणकुचीदार धार तिच्यावर आपटते आणि रिंग तुटू शकते. लंबगोल बोअरमध्ये गोल रिंग नीट टेकतही नाही. बदलायचं तर जोडीने: ब्लॉक पुढच्या साईजला बोअर करून होनिंग, आणि त्या मापाचा पिस्टन रिंगांसकट. व्हॉल्व्ह आणि गाईड यांचंही तसंच. जुन्या बुलेटचा बिडाचा ब्लॉक पुन्हा बोअर करता येईल इतका जाड ओतलेला असतो. ही गाडी घडवणाऱ्यांनी झीज गृहीत धरली होती, याचं मला मोल वाटतं. इथून उत्तरेला लुसैलचा ट्रॅक आहे. 2004 मध्ये तिथे मोटोजीपीची पहिली शर्यत झाली. त्या शर्यतीच्या इंजिनांना आता सील असतं, हंगामाला मोजकीच मिळतात, आणि सील तोडून आतला भाग बदलायची मुभा नसते. आपल्याला ती मुभा आहे, म्हणून तर हा सगळा विचार करायचा.

खरा अवघड निर्णय क्रँकचा होता. रॉडला वर-खाली खेळ अजिबात नको, बाजूचा थोडा चालतो. मिस्त्री म्हणाले, वर-खाली लागतोय की नाही, सांगता येईना. अगदी सीमेवर. हाच भाग क्लचप्लेटसारखा वरवरचा असता, तर मी ठेवा म्हटलं असतं. पुढे वाटलं तर तासाभरात झाकण उघडून बदलता येतो. क्रँकपर्यंत पोचायला मात्र अख्खं इंजिन चॅसीवरून उतरवून दोन भाग करावे लागतात. तेव्हा भाग किती झिजला याइतकंच, त्याच्यापाशी पुन्हा कधी पोचणार, हेही धरावं लागतं. खोलवरच्या भागाबद्दल शंका आली की तो बदलावा. हाताशी असलेल्या भागाला शंकेचा फायदा द्यावा. वर्षाकाठी एकदा घरी जाणाऱ्याने तर नक्कीच.

आणि झीज आली कुठून, हे विचारल्याशिवाय नवे भाग बसवू नयेत. इथे शमालचे वारे सुटले की गराफाच्या रस्त्यांवर डिलिव्हरीच्या मोटरसायकली धुळीतून धावताना दिसतात आणि माझं लक्ष त्यांच्या एअर फिल्टरकडे जातं. वाळूतली गारगोटी बिडापेक्षा कठीण. तिचा कण मऊ पिस्टनमध्ये रुतून बसला की तोच ब्लॉक खरवडतो. आबांची वाट उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेल्या फुफाट्याची. एअर फिल्टरच्या नळीला चीर होती, असं मिस्त्रींनी विचारल्यावर सांगितलं.

दुपारच्या नमाजाची बांग व्हायच्या आत यादी पाठवली. बोअर, पिस्टन, रिंगा, रॉडचं बुश, मेन बेअरिंगं, सगळी ऑइल सील आणि पॅकिंग नवं. कॅम, रॉकर, क्लच, गिअर जुनेच. फिल्टरची नळी नवी, आणि ती सगळ्यांत आधी.