रंगभूमीवरील पूर्वपक्ष

पूर्वपक्ष मांडावयाचा तो प्रतिपक्षाने स्वतः मांडला असता तितक्याच बळाने, हा शास्त्रकारांचा दंडक होय. नाटककारासही तो लागू आहे काय? यशश्चंद्राच्या ‘मुद्रितकुमुदचंद्र’ या संस्कृत नाटकामुळे हा प्रश्न सहज उपस्थित होतो.

विक्रम संवत् ११८१ मध्ये अणहिलपाटण येथे सिद्धराज जयसिंहाच्या सभेत श्वेतांबर आचार्य देवसूरी आणि दिगंबर पंडित कुमुदचंद्र यांचा वाद झाला. त्याचेच हे नाट्यरूप. वादाचा गाभा स्त्रीमुक्तीचा. वस्त्र हा परिग्रह. परिग्रह आहे तोवर मोक्ष नाही. स्त्रीस वस्त्रत्याग विहित नाही. सबब स्त्रीदेहाने मोक्ष नाही, हा दिगंबर पक्ष. परिग्रह वस्तूत नसून आसक्तीत आहे, हे श्वेतांबरांचे उत्तर. देवसूरी विजयी झाले.

‘मुद्रित’ म्हणजे मिटलेला. श्लेष मनोहर खरा. परंतु नांदीपूर्वीच निकाल सांगून मोकळा होणारा. सभेत देवसूरींना प्रतिवाद्याच्या मुखातून येईल त्या युक्तीस उत्तर देणे भाग होते. नाटककाराच्या हाती मात्र दोन्ही मुखे असतात. गुरुगौरवासाठी लिहिणाऱ्याने न्यायाधीश का व्हावे, असे कोणी म्हणेल. पण प्रतिवादी दुबळा दाखविला की गुरूचा जयही तेवढाच लहान होतो. शिवाय देहावरील वस्त्रही ज्यांनी टाकले त्यांच्या त्यागाची कठोरता प्रेक्षकास कळतच नाही.

मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त (इ. स. १३०५) याच वादाची एक हकीकत आहे. राजमाता मयणल्लादेवी ही गोव्याच्या कदंब कुळातली. म्हणून तिचा कल कर्नाटकातून आलेल्या कुमुदचंद्राकडे. हा पंडित स्त्रियांविषयी काय प्रतिपादणार आहे, हे हेमचंद्रांनी कळविताच तिने पाठिंबा काढून घेतला. वाद ऐकण्यापूर्वीच! हितसंबंध हे प्रमाण नव्हे, हे खरे. तथापि जिच्या मोक्षाचा निर्णय दोन पुरुष करीत होते, तिचे मत वादाच्या बाहेरचे कसे मानावे? नाट्याची खरी जागा ही आहे.

नवव्या शतकात काश्मिरात जयंतभट्टाने ‘आगमडंबर’ रचताना निराळी वाट धरली. त्याचा तरुण मीमांसक संकर्षण पहिल्याच अंकात बौद्ध पंडितास जिंकतो. नाटक तेथे संपत नाही. पुढे त्यास राजाधिकार मिळतो, नीलांबर पंथावर बंदी येते, आणि त्या धाकाने निरपराध शैव तपस्वीही भयभीत होतात. तेव्हा त्यांच्या आश्रमात जाऊन तुम्हांस भय नाही असे सांगण्याचे काम या विजयी वादपटूवरच येऊन पडते.